सर्व हक्क स्वाधीन

आमच्या लग्नाचे फोटो अल्बममध्ये लावायचे राहून गेले. गठ्ठा करून कपाटात ठेवले होते. दोन-तीन पावसाळे गेले आणि दमट हवेने वरच्या फोटोमागचा जांभळा शिक्का खालच्या फोटोवर उमटला. त्यामुळे सप्तपदीच्या फोटोत माझ्या कोटाच्या खिशाच्या जरा वर, उलट्या अक्षरांत, 'स्वाधीन' असं स्वच्छ वाचता येतं. पाहुणे हसतात. बायको म्हणते, यात हसण्यासारखं काय आहे, बरोबरच तर लिहिलंय.

हा शिक्का ज्यांचा, त्यांना सगळं अंबरनाथ पूर्व तोंडावर 'फोटोवाले काका' म्हणतं आणि पाठीमागे 'स्वाधीनकाका'. स्टेशनातून पूर्वेला उतरायचं, "कानसई, शिवमंदिर, एक सीट" या हाकांमधून अंग चोरून निघायचं, की मोबाइलच्या कव्हरांच्या दुकानाला खेटून त्यांचा स्टुडिओ लागतो. दर्शनी काचेत एक नवरी, एक पोटावर पालथं टाकलेलं बाळ आणि काजळाची मिशी काढलेला एक बालशिवाजी. तिघांचीही आता मुलं कॉलेजात असतील, पण काचेत त्यांची वयं वाढत नाहीत. आत काश्मीरचं तळं रंगवलेला पडदा. काश्मीर अजून आहे, तळ्याला मात्र खालच्या बाजूने वाळवी लागली आहे.

फोटो हातात द्यायच्या आधी काका तो पालथा करतात, फुंकर मारतात आणि मागे शिक्का उठवतात : 'सर्व हक्क स्वाधीन'. पुस्तकांच्या दुसऱ्या पानावर असतं तेच. हा शब्दप्रयोग त्यांनी कुठल्याशा कादंबरीवरून उचलला, आणि त्यासाठी त्या प्रकाशकाची परवानगी घेतली नव्हती, हे त्यांनी मला एकदा खासगीत सांगितलंय.

पूर्वी हा नुसता शिक्का होता. त्याचा धर्म झाला तो एका फ्लेक्समुळे.

सात-आठ वर्षांपूर्वी शिवजयंतीला चौकात एक फ्लेक्स लागला. अर्ध्या भागात शुभेच्छुकांचे वीसेक चेहरे, सगळे मोबाइल कानाला लावलेले, आणि ज्यांची जयंती ते महाराज डाव्या कोपऱ्यात. तेही बालमहाराज. काका भाजी घेऊन येत होते. ते थांबले. जिरेटोप किंचित तिरका होता, आणि कानामागे टोपाला लावलेला कपडे वाळत घालायचा हिरवा चिमटा दिसत होता. तो चिमटा काकूंचा होता. टोप मोठा होत होता म्हणून काकांनीच तो लावला होता, फोटोत येणार नाही अशा बेताने. मंडळवाल्यांनी फोटो मोठा केला आणि चिमटा आला.

काका तसेच पिशवीसकट मंडळाच्या ऑफिसात गेले. तिथे एक तरुण खुर्चीत बसला होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, महाराज सगळ्यांचे आहेत."

यावर काय बोलणार? काका परत आले. "महाराज सगळ्यांचे, पण फोटो माझा" हे उत्तर त्यांना घराच्या जिन्यात सुचलं. तोवर उशीर झाला होता. पुढच्या खेपेला उशीर होऊ नये म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यांनी लोकल पकडली, फोर्टला गेले आणि १९५७ चा कॉपीराइट कायदा विकत घेऊन आले.

त्या पुस्तकाला त्यांनी खाकी कव्हर घातलं आहे. वर शाळेच्या वहीचं लेबल. 'नाव' भरलंय, 'इयत्ता' कोरी सोडली आहे. आत पेन्सिलीच्या इतक्या खुणा आहेत की मूळ कायदा त्या झाडीतून शोधावा लागतो. सगळ्यात ठळक खूण ज्या ओळीखाली आहे ती म्हणते, छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते छायाचित्र घेणारी व्यक्ती. ही ओळ ते गिऱ्हाइकांना वाचून दाखवतात. गिऱ्हाईक पॅनकार्डासाठी फोटो काढायला आलेलं असतं, हनुवटी वर करून श्वास रोखून बसलेलं असतं. त्याला पळता येत नाही.

माझ्या मुलाच्या पाचव्या वाढदिवसाला मी हे प्रकरण जवळून पाहिलं. बी केबिन रोडला हॉल घेतला होता. इव्हेंटवाल्याने छोटा भीम पाठवला होता. म्हणजे फोमचं एक अजस्र डोकं, भगवं धोतर, आणि आत विठ्ठलवाडीचा एक मुलगा. पोरांनी भीमाला घेरलं, माझ्या मुलाने त्याच्या पायाला मिठी मारली. क्षण असा की कोणीही आधी बटण दाबेल. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला.

"हा भीम कोणाचा?"

"इव्हेंटवाल्याचा," मी म्हटलं.

"चूक. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनचा. राजीव चिलका यांनी काढलेला. २००८ पासून पोगोवर लागतो. आता बघा. मूळ भीम हे चित्र. म्हणजे चपटं. उल्हासनगरच्या कारागिराने त्यात फोम भरला, भीम फुगला. कायदा काय म्हणतो? चपट्याचं फुगीर करणं हीसुद्धा प्रत काढणंच. मी आता फोटो घेतला की फुगीराचं पुन्हा चपटं. तीही प्रत!"

"मग काढणार नाही का?"

"काढतो. घरगुती वापराला मुभा आहे. पण उद्या हा फोटो तुम्ही दुकानाच्या पाटीवर लावलात तर..."

"माझं दुकान नाही हो काका."

"काढलंत तर?"

तेवढ्यात भीमाच्या पोटातून आवाज आला, "साहेब, पटकन काढा, आत गुदमरतंय." काकांनी सहा फोटो काढले. सगळे हलले होते, कारण तोवर मुलगा भीमाला सोडून केककडे गेला होता.

खरा फोटो नंतरचा. पाहुणे जेवायला बसल्यावर तो विठ्ठलवाडीचा मुलगा मागच्या जिन्यात डोकं काढून बसला होता. केस घामाने कपाळाला चिकटलेले, हातात बिसलेरी, आणि काखेत ते भीमाचं डोकं, दात काढून हसणारं. खालचा चेहरा दमलेला, काखेतला खूश. काकांनी पायरीवर उकिडवं बसून एकच फोटो घेतला. त्या वेळी कुठलंही कलम बोलले नाहीत. मग त्याच्याकडे नंबर मागितला, दोन दिवसांनी त्याला मोठी प्रत फुकट दिली. मागे शिक्का होताच. पण तो फोटो त्यांच्या काचेत लावला का, तर नाही. "भीमाचं डोकं दिसतंय," म्हणाले. "काच म्हणजे धंदा. धंद्याला मुभा नाही." कायद्याची एवढी भीती बाळगणारा माणूस उल्हासनगरपासून लोकलने काही मिनिटांच्या अंतरावर राहतो, ही नियतीची थट्टा आहे. ज्या गावाने 'मेड इन यूएसए' छापून त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा सांगितल्याची कथा सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे, ते गाव शेजारी, आणि हे इकडे भीमाच्या डोक्याला घाबरून फोटो काचेत लावत नाहीत.

डिसेंबर आला, शाळांच्या गॅदरिंगा आणि फॅन्सी ड्रेस सुरू झाले की काकांचा सल्ला बहरतो. कपडेपट भाड्याने कुठे मिळतो हे विचारायला आया येतात. त्यांना पत्त्यासोबत मार्गदर्शनही मिळतं. "टोमॅटो करा. टोमॅटोवर कोणाचाही हक्क नाही. पोस्टमन चालेल, वारकरी चालेल. टिळक करा, उपरणं आणि पगडी, बास." स्पायडरमॅन म्हटलं की ते चष्मा काढून टेबलावर ठेवतात. खरं तर शाळेत पोराने स्पायडरमॅनचा ड्रेस घालून "माझं नाव स्पायडरमॅन" म्हणून रडत खाली उतरण्याने कुणाचंही काही बिघडत नाही, आणि आईने मोबाइलवर ते टिपून आजीला पाठवलं तरी कोणी अमेरिकेहून वकील धाडत नाही. हे काकांनाही ठाऊक आहे. पण 'बिघडत नाही' असं सांगितलं तर लोक कशाला थांबतील?

एका आईने त्यांचं शब्दशः ऐकलं. तिच्या मुलाला मिकी माउसच व्हायचं होतं. काका म्हणाले, "हरकत नाही. १९२८ च्या 'स्टीमबोट विली'मधला मिकी अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून मोकळा आहे. इथलं गणित निराळं, पण सुरुवात म्हणून तोच बरा. मात्र तो काळापांढरा. लाल चड्डी नको. आणि हातमोजे काढा, त्या सिनेमात त्याला हातमोजे नव्हते." बाईंनी तंतोतंत तसं केलं. पोरगं काळ्या-पांढऱ्या कपड्यांत, उघड्या हातांनी स्टेजवर गेलं. परीक्षकांनी त्याला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं आणि प्रशस्तिपत्रावर 'उंदीर' असं लिहिलं.

घरात मात्र काकांचं काही चालत नाही. देव्हाऱ्यात काकूंनी खंडोबाचा एक फोटो लावलाय. २०१४ मध्ये झी मराठीवर 'जय मल्हार' सुरू झाली, तेव्हाचा. तो खंडोबा नसून देवदत्त नागे आहेत, फोटो वाहिनीच्या कोणा फोटोग्राफरने काढलेला असणार आणि त्याचा हक्क बहुधा वाहिनीचा, हे काकांनी तीनदा सांगून पाहिलं. शेजारी नितीश भारद्वाजांचा श्रीकृष्ण आहे, १९८८ च्या 'महाभारता'पासून. काकू म्हणतात, "हळदीकुंकू वाहिलं की सगळ्यांचे चेहरे सारखेच होतात." यावर कायद्यात उत्तर नाही. काका रोज सकाळी त्या दोन्ही फोटोंना नमस्कार करतात. कुणाचे हक्क कुणाकडे ते ठरेपर्यंत नमस्कार थांबवणं बरं दिसत नाही.

बहुरूप्याचा किस्सा मला सगळ्यात आवडतो. दिवाळीनंतर आमच्या भागात एक बहुरूपी येतो. खाकी वर्दी, खोटे बिल्ले, हातात छडी, "चला, पकडवॉरंट आहे, बायकोचं मन चोरल्याचा गुन्हा" असं काहीबाही बोलत दुकानादुकानातून दहा-वीस रुपये गोळा करतो. काकांनी त्याला आत बोलावून काश्मीरसमोर उभं केलं. फोटो झाल्यावर त्याला पुस्तक दाखवलं. या कायद्यात 'कलाकार' म्हणजे कोण याची यादी आहे, आणि त्यात नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार आणि चक्क गारुडी आहे. नागाच्या टोपलीवाल्याचं नाव संसदेने लिहून ठेवलंय. शेवटी 'कला सादर करणारी अन्य व्यक्ती' असंही आहे. "म्हणजे तू!" काका म्हणाले. "तुझ्या सादरीकरणावर तुझा पन्नास वर्षं हक्क."

बहुरूप्याला भरून आलं. त्याने विचारलं, "मग आत्ता फोटो काढला त्याचे किती?"

काकांनी पान उलटलं. हक्क हलत्या चित्राचा आहे. स्थिर फोटोचा नाही. "तू हलला असतास तर," ते म्हणाले, "आणि मी व्हिडिओ घेतला असता, तर."

"साहेब," बहुरूपी म्हणाला, "आयुष्यभर हलतच तर आलोय." काकांनी गल्ला उघडून शंभराची नोट दिली. काकू म्हणतात, खऱ्या पोलिसालाही कधी एवढे दिले नव्हते.

अनिल कपूर यांनी दिल्ली उच्च न्यायालयातून सप्टेंबर २०२३ मध्ये आपलं नाव, चेहरा, आवाज आणि 'झकास' म्हणण्याची ढब यांना संरक्षण मिळवलं, आणि मे २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ यांच्या 'भिडू'लाही तसंच मिळालं, तेव्हा काकांनी आठवडाभर "फोटो झकास आलाय" म्हणणं बंद केलं होतं. ते आदेश दुसऱ्याच्या नावावर धंदा करणाऱ्यांसाठी होते, गिऱ्हाइकाला खूश करणाऱ्या म्हाताऱ्यासाठी नव्हे, हे मी त्यांना समजावलं. पण त्या आठवड्यात ते फोटो हातात देताना नुसते "बरा आलाय" म्हणायचे आणि लोक नाराज होऊन जायचे.

आता मुख्य गोष्ट.

गेल्या मार्चमध्ये एक तरुण वकीलबाई स्टुडिओत आली. काळा कोट हातावर, उल्हासनगर कोर्टातून थेट. मी पासपोर्ट फोटोसाठी बसलो होतो, हनुवटी वर. ती म्हणाली, "काका, ओळखलंत? मी झाशीची राणी."

काकांनी ओळखलं. १९९४, बालवाडीचं गॅदरिंग. नऊवारीत गुंडाळलेली, पाठीला टॉवेलने बाहुली बांधलेली, हातात पुठ्ठ्याची तलवार, जी फोटोच्या आधीच मधोमध मोडली होती. तिने आता स्वतःचं ऑफिस घेतलं होतं आणि खुर्चीमागच्या भिंतीवर तोच फोटो मोठा करून लावायचा होता. घरची प्रत २००५ च्या पुरात गेली. "निगेटिव्ह आहे ना?"

"निगेटिव्ह आहे," काका म्हणाले. काकांकडे सगळ्या निगेटिव्ह आहेत, वर्षवार, बिस्किटांच्या डब्यांत. "पण हक्क माझे आहेत. मोठ्या प्रतीचे वेगळे पडतील." आणि त्यांनी खाकी कव्हरचं पुस्तक काढून ती ठळक खुणेची ओळ दाखवली. कर्ता म्हणजे छायाचित्र घेणारी व्यक्ती.

ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. पुस्तक हातात घेतलं, दोन-चार पानं पुढे गेली. तिथे एकही पेन्सिलीची खूण नव्हती. "काका, हे कलम सतरा. कर्ता तुम्हीच. पण कोणी सांगून आणि मोबदला देऊन फोटो काढून घेतला, आणि वेगळा करार नसला, तर पहिला मालक तो फोटो काढायला लावणारा. तुम्ही नाही."

स्टुडिओत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मी हनुवटी खाली केली.

काका म्हणाले, "शिक्का आहे ना मागे. तोच करार."

"शिक्का तुम्ही एकट्यानेच मारलात. करार दोघांचा असतो. शिवाय तो पैसे घेतल्यावर मारलात."

मी मनात हिशेब केला. चाळीस वर्षांची लग्नं, मुंजी, बारशी, पासपोर्ट. माझ्या कोटावरचं 'स्वाधीन'सुद्धा. ते सगळं त्या दुपारी एका परिच्छेदात लोकांच्या नावावर झालं होतं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि कलम सतरा स्वतः वाचलं. मग पेन्सिल घेऊन त्याखाली रेघ मारली. पट्टी लावून.

मग ते उठले. "ठीक आहे. हक्क तुमचा. पण निगेटिव्ह ही वस्तू माझी. रोल माझा, रसायन माझं, डबा माझा. हक्क तुमच्याकडे ठेवा, निगेटिव्ह माझ्याकडे राहील."

आता ती गप्प झाली, कारण हे बरोबर होतं. तिच्याकडे फोटोचा हक्क होता आणि फोटो नव्हता. यांच्याकडे फोटो होता आणि तो छापायचा हक्क नव्हता. गाय एकाकडे, दावं दुसऱ्याकडे. काकूंनी आतून चहा पाठवला. तो दोघांनी एकाच वेळी संपवला.

चहानंतर काकांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी माळ्यावरून १९९४ ची उधारीची वही काढली. बोटाला थुंकी लावत पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. अक्षर त्यांचंच, शाई तपकिरी पडलेली : 'झाशी, पोस्टकार्ड साइज ३, रु. ४५. बाकी.' पुढे जमेची खूण नव्हती. तिचे वडील शेजारचे, देतो म्हणाले होते.

"मोबदला!" काका म्हणाले. चेहऱ्यावर असं तेज मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "मोबदला कुठाय? दिलेलाच नाही. कलम सतरा लागू नाही. हक्क माझा!"

"उधारी म्हणजेसुद्धा मोबदल्याचं वचनच, काका. वचन चालतं कायद्याला. आणि एवढंच असेल तर हे घ्या." तिने पन्नासची नोट काढली.

काकांनी हात मागे घेतले. दोन्ही. पाठीमागे बांधले.

तेव्हापासून अंबरनाथ पूर्वेत न घडलेली गोष्ट घडते आहे. एक माणूस उधारी फेडायला बघतोय आणि दुकानदार घेत नाही. ती कोर्टातून येताना उतरते, नोट टेबलावर ठेवते, काका ती तिच्या बॅगेत परत कोंबतात. एकदा तिने पासपोर्ट फोटो काढून घेतले आणि हिशेबात पंचेचाळीस जास्त दिले. काकांनी मोजून पंचेचाळीस परत केले, सुट्टे. क्यूआर कोडवर तिने पैसे पाठवायचा प्रयत्न केला तेव्हापासून त्यावर कालनिर्णय टांगलेलं असतं, आणि इतर गिऱ्हाइकांना पैसे देण्यासाठी महिना वर उचलावा लागतो.

परवा मी माझे पासपोर्ट फोटो आणायला गेलो. काका जेवायला वर गेले होते. बाकावर वर्तमानपत्रात बांधलेली एक मोठी फ्रेम भिंतीला टेकून होती. कागद एका कोपऱ्यात फाटला होता, म्हणून मी पाहिली. झाशीची राणी, दहा बाय बाराची. मोडलेली तलवार, टॉवेलातून बाहुलीचा एक पाय बाहेर, आणि राणीने जीभ किंचित दातांत धरलेली. काळंपांढरं इतकं सुरेख उतरलं होतं की टॉवेलाचे धागे मोजता यावेत. मी फ्रेम उलटी केली. मागे कोरा पुठ्ठा.

जिन्यावर चपला वाजल्या. मी फ्रेम होती तशी ठेवली.

"शिक्का राहिला वाटतं," मी म्हटलं.

"शाई संपलीय," काका म्हणाले आणि माझ्या आठ फोटोंचं पाकीट पालथं केलं, फुंकर मारली, आणि उघड्या, ओल्या, जांभळ्या पॅडवर शिक्का दाबून एकेक फोटो स्वाधीन करायला लागले.